जुन्या रेकॉर्डवर नाचायचे असेल तर या चुका टाळा

गिरगावातील खोताच्या वाडीत आमच्या एका मित्राचे जुने, लाकडी माडीचे घर आहे. महिन्यातून एखाद्या रविवारी आम्ही सात-आठ जण तिथे जमतो, खुर्च्या भिंतीला सरकवतो आणि पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या रेकॉर्ड लावून नाचतो. सुरुवात फॉक्सट्रॉट किंवा वॉल्ट्झ अशा संथ जोडीनाचांनी होते आणि अंगात आले की गाडी जलद लयीच्या जाइव्हवर येते. पहिल्याच रविवारी जाइव्ह रंगात येण्याआधी सुई उडाली. पुन्हा लावली, पुन्हा उडाली. तेव्हा मी सर्वांच्या वतीने शहाणपणा केला आणि टोनआर्मच्या, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याच्या, टोकावर, सुई बसवलेल्या कार्ट्रिजच्या बरोबर वर, एक रुपयाचे नाणे चिकटपट्टीने लावले. सुई उडायची थांबली, टाळ्या पडल्या आणि पुढचे काही महिने ते नाणे तिथेच राहिले. ती रेकॉर्ड आज लावली तर ट्रम्पेट चढतो त्या प्रत्येक जागी पापड भाजल्यासारखी खरखर ऐकू येते.

रेकॉर्ड जपायची असेल तर तिच्यावर नाचू नये आणि नाचायचे असेल तर ती जपण्याचा विचार सोडावा, असे मानणारे संग्राहक पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. या रेकॉर्ड नाचण्यासाठीच निघाल्या होत्या. त्यांची नासाडी पायांमुळे होत नाही, तर बिघाड एका ठिकाणी असताना उपाय दुसऱ्याच ठिकाणी केल्यामुळे होते.

सुई उडते म्हणून वजन वाढवणे

आजच्या बहुतेक कार्ट्रिजना सुईच्या टोकावर दीड ते अडीच ग्रॅम इतकाच भार लागतो. एक रुपयाचे जुने पोलादी नाणे जवळजवळ ५ ग्रॅमचे असते, म्हणजे माझ्या उपायाने त्या रेकॉर्डने नेमून दिलेल्याच्या तिप्पट-चौपट भार सोसला. खाचेच्या भिंतीवर सुईचा जो ठिपका टेकतो तो केसाच्या जाडीपेक्षाही लहान असतो, त्यामुळे आपल्या हाताला न जाणवणारे हे ५ ग्रॅम तिथे रंध्यासारखे काम करतात. सर्वांत आधी झिजतात त्या जोरदार आवाजाच्या जागा, आणि नाचाच्या रेकॉर्डमध्ये मुळात त्याच जागा जास्त असतात.

सुई का उडते हे आधी समजून घ्यायला हवे. टोनआर्म आणि कार्ट्रिज यांना मिळून स्वतःचा एक झोका असतो, साधारणपणे सेकंदाला ८ ते १२ आंदोलनांचा. जाइव्हची लय मिनिटाला १६८ ते १७६ ठोक्यांची असते, म्हणजे सेकंदाला जवळजवळ तीन. आणि आठ माणसे तालात नाचत असली की सगळ्यांचे पाय एकाच क्षणी जमिनीवर पडतात. लाकडी तुळयांवरची जमीन त्या ठोक्यांनी झुलू लागते, तिच्यावरचे टेबल झुलते, आणि टेबलावरच्या टोनआर्मला बाहेरून असा धक्का मिळतो की जो त्याला झेलताही येत नाही आणि टाळताही येत नाही. वॉल्ट्झच्या वेळी मात्र आमची सुई कधीच उडाली नव्हती, कारण वॉल्ट्झमध्ये पाय घसरत जातात, आपटत नाहीत. खरे तर बिघाड कुठे आहे ते तिथेच कळायला हवे होते.

म्हणून उपाय यंत्राच्या जागेवर करावा. विटांची किंवा दगडी भिंत असेल तर तिच्यात लोखंडी ब्रॅकेट ठोकून त्यावर कडाप्प्याची लादी बसवावी आणि टर्नटेबल लादीवर ठेवावे, म्हणजे जमिनीशी त्याचा संबंधच उरत नाही. भिंत भाड्याची असेल आणि घरमालक कडक असेल, तर टेबल खोलीच्या मध्यातून उचलून भिंतीलगत, तुळईचे टोक जिथे भिंतीत शिरते तिथे न्यावे, कारण तुळई मध्यभागी सर्वांत जास्त आणि टोकाशी सर्वांत कमी झुलते. सायकलच्या ट्यूबमध्ये जेमतेम हवा भरून तिच्यावर कडाप्पा आणि कडाप्प्यावर टर्नटेबल ठेवण्याची जुनी युक्तीही चालते. मात्र हवा जास्त झाली तर ट्यूब चेंडूसारखी उसळते आणि दुखणे वाढते. चपला-बूट दाराशी काढून ठेवले तर निम्मे काम तिथेच होते. नाचणाऱ्यांना हे सांगताना थोडा वाईटपणा घ्यावा लागतो, तो घ्यावा.

याच चुकीचे एक भावंड आहे. जागा वाचावी म्हणून स्पीकर टर्नटेबलच्याच टेबलावर ठेवले जातात आणि आवाज वाढवला की सगळ्या गाण्यामागे एक 'घूंऽऽ' सुरू होते. स्पीकरचा खर्ज टेबलातून सुईत शिरतो, सुईतून पुन्हा स्पीकरमध्ये जातो आणि हे चक्र वाढतच राहते. यासाठी अँप्लिफायर दुरुस्तीला देण्याची गरज नाही. स्पीकर वेगळ्या स्टुलावर ठेवावेत.

कोणत्याही रेकॉर्डला कोणतीही सुई

७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, रेकॉर्डची खाच रुंद असते, तर मिनिटाला ३३ १/३ फेरे घेणाऱ्या एलपीची खाच तिच्या निम्म्याहूनही अरुंद. ७८साठी सुईच्या टोकाची त्रिज्या सुमारे ७५ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) लागते, स्टीरिओ एलपीसाठी सुमारे १८. एलपीची सुई ७८वर लावली तर ती खाचेच्या तळाशी जाऊन धूळ नांगरत बसते आणि आपण म्हणतो, 'रेकॉर्ड घासलेली आहे.' उलट ७८ची सुई एलपीवर लावली तर ती खाचेत उतरतच नाही; वरच्या कडांवरून घसरत त्या कडा मोडून टाकते. जुन्या रेकॉर्ड प्लेअरांत पुष्कळदा एक छोटी खुंटी असते, जी फिरवली की ७८ची सुई खाली येते आणि उलट फिरवली की एलपीची. खुंटी कोणत्या बाजूला आहे हे प्रत्येक रेकॉर्डआधी पाहण्याची सवय लावून घ्यावी.

चावीच्या फोनोवर एलपी लावणे हा तर खूनच आहे. त्याचा साउंडबॉक्स, म्हणजे सुई धरणारी गोल डबी, शंभर ग्रॅमच्या घरातील भार टाकतो आणि पोलादी सुई एलपीची खाच एका फेरीत उधळून लावते. ७८ची लाखेची रेकॉर्ड मात्र तो भार सोसते, कारण तिच्यात दगडाची पूड मिसळलेली असते आणि सुईच रेकॉर्डवर झिजून तिच्या खाचेचा आकार घेते. म्हणूनच पोलादी सुई दर बाजूला बदलायची असते. डबीत उरलेल्या सुया मोजून काटकसर करणारे हात रेकॉर्डच्या मुळावर येतात, कारण एकदा झिजून धार आलेली सुई दुसऱ्या बाजूवर पटाशीसारखी चालते.

वेग चुकला की पाय आधी सांगतात

माझ्या परिचयातील एका कुटुंबाने अमेरिकेहून येताना तिथल्या नातेवाइकांचे जुने टर्नटेबल आणले, इथे ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घेतला आणि मोठ्या हौसेने नाट्यगीतांची एलपी लावली. सगळ्यांना गाणे काहीतरी जड, झोपाळलेले वाटत होते. घरात पेटी वाजवणाऱ्या आजींनी सूर लावून पाहिला आणि सांगितले की काळी पाचमध्ये गाणारी बाई पांढरी पाचच्या आसपास गाते आहे.

ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, विजेची आवर्तने बदलत नाही. अमेरिकेत वीज सेकंदाला ६० आवर्तनांची असते आणि आपल्याकडे ५० आवर्तनांची. जुन्या यंत्रांतील अनेक मोटारी या आवर्तनांच्या तालावरच फिरतात, त्यामुळे ते टर्नटेबल इथे पाच-षष्ठांश वेगानेच फिरते. सूर पेटीच्या जवळजवळ तीन पट्ट्यांनी उतरतो आणि १७२ ठोक्यांची जाइव्ह १४३ वर येते. एवढ्या लयीत जाइव्ह नाचणे म्हणजे चिखलात धावणे होय. काही यंत्रांत मोटारीवरची पुली बदलून हा दोष काढता येतो, आणि ज्यांची मोटार डीसी असते त्यांना तो मुळात होतच नाही. घेण्याआधी यंत्राच्या तळावरची पट्टी वाचावी. तिथे फक्त ६० लिहिले असेल तर पुली मिळेल का हे आधी विचारावे.

आपले यंत्र इथलेच असले तरी वेग तपासणे सोपे आहे. कागदाच्या गोल चकतीवर ३३ १/३साठी १८० आणि ७८साठी ७७ काळ्या रेघा समान अंतरावर छापून ती रेकॉर्डवर ठेवायची आणि जुन्या, चोक असलेल्या ट्यूबलाइटखाली पाहायची. ५० आवर्तनांच्या विजेवर तो दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो, म्हणून वेग बरोबर असेल तर रेघा जागच्या जागी स्थिर दिसतात. रेघा पुढे सरकत असतील तर वेग जास्त, मागे सरकत असतील तर कमी. एलईडी दिव्याखाली बहुधा काहीच समजत नाही आणि माणूस उगाच यंत्राला दोष देतो. १९२५च्या आधीच्या रेकॉर्डना मात्र हा नियम लावू नये, कारण त्या काळी '७८' हा आकडा अजून पक्का झालेला नव्हता. तिथे आपल्या कानावर आणि पेटीवर विसंबावे.

स्पिरिटने पुसणे

ही चूकही माझ्याच नावावर आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी मिळालेली ७८ची रेकॉर्ड मी घरी आणून दवाखान्यातल्यासारख्या टापटिपीने, स्पिरिटमध्ये कापूस बुडवून पुसली. कापूस काळा झाला आणि मला वाटले, केवढी घाण निघाली. दुसरा बोळाही काळा झाला, तिसराही. चौथ्या बोळ्यानंतर रेकॉर्डवर जिथे जिथे माझा हात फिरला होता तिथे चकाकी जाऊन करड्या पट्ट्या उमटलेल्या दिसल्या. निघत होती ती घाण नव्हती, रेकॉर्ड निघत होती.

७८च्या बहुतेक रेकॉर्ड लाखेच्या असतात. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवरच्या किड्यांपासून मिळणारी ही लाख एकेकाळी मुख्यतः भारतातूनच जगभर जात असे. लाख पाण्यात विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळते. सुतार फर्निचरला जे लाखेचे पॉलिश मारतात ते याच गुणावर चालते. एलपी आणि ४५ फेऱ्यांची रेकॉर्ड मात्र बहुधा विनाइलची, म्हणजे एका प्लास्टिकची असते आणि तिला पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने अपाय होत नाही. हातातली रेकॉर्ड कशाची आहे हे कळण्यासाठी ती बोटावर तोलून नखाने टिचकी मारावी: लाखेची रेकॉर्ड जड असते आणि चिनी मातीच्या बशीसारखी टणकन वाजते, विनाइलची मऊ, बोदा आवाज देते.

दोन्हींना चालेल असा उपाय साधा आहे. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर घ्यावे, त्यात भांडी घासण्याच्या लिक्विडचा एखादा थेंब टाकावा आणि मऊ कापडाने खाचेच्या दिशेने, गोल पुसावे. आडवे पुसले तर धूळ खाचेत आणखी घट्ट बसते. नंतर साध्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा पुसून रेकॉर्ड ताटांच्या स्टँडमध्ये सावलीत उभी करावी. लेबलला पाणी लागू देऊ नये आणि लाखेची रेकॉर्ड पाण्यात बुडवून ठेवू नये, कारण काही रेकॉर्डच्या आत थर असतात आणि कडेच्या भेगेतून पाणी त्यात शिरते. बोअरवेलचे किंवा टाकीचे पाणी वापरले तर सुकल्यावर क्षार मागे राहतात आणि तेच पुढे चटचट वाजतात.

घेताना आणि ठेवताना

मुंबईच्या चोर बाजारात मटन स्ट्रीटवर चकाकणारी रेकॉर्ड पाहून भुलू नये. ती उजेडात तिरपी धरावी. खाचा करड्या दिसत असतील तर पोलादी सुयांनी त्या खाल्लेल्या आहेत आणि कितीही पुसले तरी उपयोग नाही. उलट ज्या चऱ्यांवरून नख फिरवले तरी जाणवत नाहीत ते बहुधा ऐकूही येत नाहीत. कव्हरमध्ये दुसरीच रेकॉर्ड निघणे ही तर तिथली रीतच आहे, म्हणून लेबल वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. पाश्चात्य देशांत ७८चा काळ संपल्यावरही भारतात त्या काही वर्षे निघत राहिल्या. बीटल्सची गाणीसुद्धा इथे ७८वर निघाली आणि आज जगभरचे संग्राहक त्यांच्या शोधात असतात. हे विक्रेत्यांनाही आता ठाऊक झाले आहे.

रेकॉर्ड नेहमी उभ्या ठेवाव्यात. आडव्या थप्पीत खालच्या एलपींना बाक येतो आणि लाखेच्या फुटतात. बाक काढण्यासाठी उन्हात ठेवण्याचा उपाय कोणी सांगितला तर ऐकू नये. मे महिन्यात बंद गाडीत राहिलेली एलपी मी पाहिली आहे, ती ताटापेक्षा वाडग्याला जवळची होती. दोन काचांमध्ये, घरातल्याच तापमानात, काही आठवडे दाबून ठेवले तर हलका बाक थोडाफार उतरतो. पीव्हीसीच्या मऊ पिशव्या काढून टाकाव्यात, कारण त्या वर्षानुवर्षे विनाइलला चिकटून त्यावर धुके धरतात. पावसाळ्यात कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावे, नाहीतर कव्हरांना बुरशी येते आणि तिथून ती खाचांत उतरते.

सुई शेवटच्या खाचेत विसरणे

लाखेची १० इंची रेकॉर्ड एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे चालते. गाणे संपते, जोड्या हसत पाण्याकडे वळतात आणि सुई लेबलजवळच्या मोकळ्या खाचेत 'टक, टक' करत फिरत राहते. पूर्वीच्या रेडिओग्राममध्ये, म्हणजे रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर एकत्र असलेल्या यंत्रात, यासाठी एकावर एक सहा-आठ रेकॉर्ड रचून ठेवण्याची सोय असे. पण लाखेच्या रेकॉर्ड एकमेकींवर आपटून त्यांच्या कडांचे टवके उडतात, म्हणून ती सोय विनाइलपुरतीच वापरावी. बाकी वेळी टर्नटेबलजवळ एक माणूस नेमावा, ज्याच्या हातात सरबताचा पेला नसेल आणि ज्याला गाणे संपण्याच्या पाच सेकंद आधी उठता येईल. वाडीतल्या त्या माडीवर हे काम ज्याचा गुडघा दुखतो त्याच्याकडे असते, आणि या पावसाळ्यापासून ते माझ्याकडे आले आहे.