थंड हवेत टोमॅटो-मिरचीची रोपं घरात करताय? या चुका टाळा

जिथे उबदार हवा वर्षातून जेमतेम तीन-चार महिनेच मिळते, तिथे टोमॅटो-मिरचीचं बी थेट वाफ्यात टाकलं तर फळ पिकायच्या आत थंडी परत येते. म्हणून बी घरात रुजवायचं आणि दंव गोठायचं थांबलं की रोप बाहेर न्यायचं. पद्धत सोपी आहे. बिघडतं ते बहुतेक वेळा घाईमुळे.

पहिली घाई पेरणीची. थंडी अजून पुरती हललेलीही नसते आणि हात शिवशिवायला लागतात. आपल्या भागात शेवटचं गोठणारं दंव साधारण कधी पडतं ते शोधा आणि तिथून मागे मोजा: टोमॅटोला 6 ते 8 आठवडे, मिरचीला 8 ते 10. काकडी, भोपळ्याला 3-4 आठवडे पुरतात. त्यांच्या मुळांना धक्का सोसत नाही, म्हणून ती लहानपणीच हलवलेली बरी. फार आधी पेरलेलं रोप कुंडीतच मुळं गुंडाळून बसतं, तिथेच फुलतं आणि बाहेर लावल्यावर बराच काळ ढिम्म उभं राहतं. उशिरा पेरलेलं, ठेंगणं, जाड खोडाचं रोप त्याला सहज गाठतं.

मिरची उगवतच नसेल तर बियाण्याला दोष देण्याआधी माती किती गार आहे ते बघा. मिरचीला मातीत 25 ते 28 अंश ऊब लागते. पंधरा-सोळा अंशात बी आठवडेच्या आठवडे पडून राहतं, कधी कुजतंही. ट्रेखाली हीट मॅट (विजेवर तापणारी चटई) ठेवा, पण कोंब वर आले की ती काढा.

कारण आता येते सगळ्यात मोठी चूक: ऊब भरपूर आणि उजेड कमी. रोपं सुतासारखी लांब, फिकट होऊन खिडकीकडे झुकतात. लोक म्हणतात, खिडकीत तर लख्ख उजेड आहे. आपले डोळे अंधुक उजेडाशी जुळवून घेतात, रोपाला ती सोय नाही. खिडकीपासून दोन-तीन फूट आत आलं की उजेड झपाट्याने घटतो. साधी ट्यूब वापरत असाल तर ती रोपांच्या शेंड्यापासून 5 ते 10 सेंटीमीटरवर हवी, रोज 14 ते 16 तास, आणि रोपं वाढतील तशी वर सरकवायची. जोरदार एलईडी एवढा जवळ आणू नका. त्याचं अंतर दिव्यासोबतच्या माहितीत दिलेलं असतं. रात्री रोपांना अंधारच द्या. लहानसा पंखा मंद लावला तर खोडं जाड होतात. टोमॅटोचं रोप लांबलंच असेल तर कुंडी बदलताना खालच्या पानांपर्यंत मातीत पुरा, खोडालाच मुळं फुटतात. मिरचीच्या बाबतीत या युक्तीवर विसंबू नका.

काल टवटवीत असलेली रोपं आज जमिनीलगत खोड बारीक होऊन आडवी पडली, तर ती रोपमर. पिथियम, रायझोक्टोनिया यांसारखे बुरशी आणि बुरशीसारखे जीव ओल्या, कोंदट मातीत हे काम करतात. आडवं पडलेलं रोप वाचत नाही, उपटून टाका. बागेतली माती ट्रेमध्ये भरू नका, जुने ट्रे धुऊन घ्या, कोंब दिसताच ट्रेवरचं झाकण काढा. पाणी खालच्या ताटलीत द्या आणि अर्ध्या तासाने उरलेलं ओतून टाका. मातीवर बारीक काळ्या माश्या उडत असतील तर बहुधा पाणी जास्त होतंय.

पानं जांभळी दिसली की खत घालायचा मोह होतो. पानाची खालची बाजू जांभळी झाली असेल तर बहुतेक वेळा मुळं गारठलेली असतात आणि स्फुरद (फॉस्फरस) मातीत असूनही उचलता येत नाही. आधी ऊब द्या. खरी पानं, म्हणजे बीजपत्रांनंतरची पानं, येईपर्यंत खताची गरजच नसते. नंतरही पाकिटावरच्या मात्रेच्या निम्म्याहून जास्त नको. अगदी खालची दोन बीजपत्रं पिवळी पडून गळली तर ते वयाचं लक्षण आहे, काळजी नको.

शेवटची घाई बाहेर नेण्याची, आणि ती महागात पडते. घरातल्या पानांना ना थेट ऊन माहीत, ना वारा. पहिल्या दिवशी एखाद-दोन तास, तेही सावलीत आणि आडोशाला. मग रोज थोडा वेळ वाढवत 7 ते 10 दिवसांत पूर्ण उन्हात. पानांवर कागदासारखे पांढरे चट्टे आले तर ते ऊन लागल्याचे; चट्टे भरून येत नाहीत, पण शेंडा शाबूत असेल तर नवी पानं चांगली येतात. औषध फवारत बसू नका.

दुपार कितीही छान असो, निर्णय रात्रीच्या पाऱ्यावर घ्या. रात्रीचं तापमान सलग 10 अंशांच्या वर आणि सकाळी मोजलेली माती 15 अंशांच्या आसपास असेल तेव्हाच लावा. मिरचीसाठी आणखी थोडं थांबलात तर उत्तम. पीटच्या (दलदलीतल्या कुजलेल्या शेवाळाच्या) कुंडीसकट लावणार असाल तर कुंडीचा काठ मातीवर उघडा ठेवू नका, तो आतली ओल शोषून वाऱ्यावर उडवतो. लावणीनंतर गोठणाऱ्या दंवाचा अंदाज आलाच तर संध्याकाळीच कापड घाला, खाली काठ्या रोवून, म्हणजे ते पानांना टेकणार नाही. सकाळी ऊन वर आलं की काढा.