ताईच्या पाळणाघराची पाटी आणि फुटलेली जोडाक्षरं

ताईचं कोथरूडला पाळणाघर आहे, तिला पाटीवर गोल गुबगुबीत, हाताने काढल्यासारखी अक्षरं हवी होती. मी बलू २ घेतला, 'एक टाईप' नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा फॉन्ट, फुकट आणि ओपन सोर्स, देवनागरी अगदी मनापासून काढलीय, बघितलं की मुलांची आठवण येते. 'छोट्या चिऊताईचं अंगण' असं टाईप करून फाईल अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका फ्लेक्सवाल्याकडे पाठवली तर प्रूफमध्ये ट्या फुटलेला, ट खाली पाय मोडून उभा आणि चिऊची वेलांटी च च्या उजवीकडे गेलेली. फॉन्टचा काही दोष नव्हता, त्यांचं सॉफ्टवेअर जुनं, जोडाक्षरं जोडायचे फॉन्टमधले नियम ते वाचतच नव्हतं.

मग काय केलं, घरी इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये परत सगळं टाईप केलं, तिथे जोडाक्षरं नीट येतात, आणि मजकूर सिलेक्ट करून 'ऑब्जेक्ट टू पाथ' केलं (कंट्रोल शिफ्ट सी) म्हणजे अक्षरांची चित्रंच होतात, समोरच्याकडे फॉन्ट नसला तरी चालतं. पण आधी मूळ फाईल वेगळी सेव्ह करा हं, नंतर स्पेलिंग बदलता येत नाही. पीडीएफ पाठवली, पाटी झकास आली.

पत्ता आणि वेळ मात्र मुक्ता या दुसऱ्या फॉन्टमध्ये ठेवलं, बलूचं जाड वजन बारीक साइजला लावलं की ष, क्ष ची पोटं बुजतात, रस्त्यावरून वाचता येत नाही. नाव, खाऊच्या डब्यावरची लेबलं, वाढदिवसाचं कार्ड, तिथे बलू खुलतो.