रिपोर्ट ‘जंतू आढळले नाहीत’ म्हणतो, पण गावात जुलाब चालूच? नमुना घेताना या चुका टाळा

गावात जुलाबाची साथ असते, प्राथमिक आरोग्य केंद्रात सलाईन लावायला जागा नसते आणि प्रयोगशाळेचा कागद मात्र सांगतो, ‘पाणी पिण्यास योग्य’. मग सगळा संशय प्रयोगशाळेवर जातो. पुष्कळदा दोष त्याआधीचा असतो. नमुन्यात जंतू आलेले असतात, पण तपासणीच्या टेबलापर्यंत ते जिवंत पोचत नाहीत. पाणी, शौच, शिळं अन्न, डाळिंबाचं पान, नमुना कशाचाही असो, घोळ बहुतेक इथेच होतो.

पाणी: बाटली आणि क्लोरीन

मिनरल वॉटरची रिकामी बाटली धुऊन त्यात पाणी भरून आणणं ही चूक सर्रास होते. जंतू तपासणीला १२१ अंश सेल्सिअसला १५ ते २० मिनिटं ऑटोक्लेव्ह केलेली (दाबाच्या वाफेने निर्जंतुक केलेली) २५० मिलीची बाटलीच लागते, आणि ती विसळायची नाही. रासायनिक तपासणीची बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळतात. हात त्या सवयीने चालतात आणि नेमकं नुकसान होतं, कारण जंतू तपासणीच्या बाटलीत आधीच सोडियम थायोसल्फेट घातलेलं असतं.

त्याचं काम समजून घ्या. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलेल्या पाण्यात क्लोरीन शिल्लक असतो आणि बंद बाटलीतही तो जंतू मारत राहतो. नमुना सहा तासांनी प्रयोगशाळेत पोचेपर्यंत पाणी स्वच्छ झालेलं असतं. नळाखाली तांब्या धरून लगेच पिणाऱ्याला ते सहा तास मिळत नाहीत. २५० मिलीच्या बाटलीत थायोसल्फेटच्या ३ टक्के द्रावणाचे ०.२ मिली घातले, की लिटरला ५ मिलिग्रॅमपर्यंतचा क्लोरीन तिथल्या तिथे निकामी होतो. बाटली विसळली, की हे संरक्षण गेलं.

म्हणून शिल्लक क्लोरीन वेगळ्या नळीत, जागेवरच मोजा. ओटी (ऑर्थोटोलिडिन, क्लोरीन दाखवणारं द्रावण) टाकल्यावर पहिल्या दहाएक सेकंदांत येणारा पिवळा रंग मुक्त क्लोरीनचा असतो. पुढे चढत जाणारा रंग अमोनियाशी बांधलेल्या क्लोरीनचा असतो आणि त्याची मारकशक्ती बरीच कमी असते. पाच मिनिटांनी रंग पाहून ‘क्लोरीन भरपूर आहे’ अशी नोंद केली, तर ती चुकीची. भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) मुक्त क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा आणि १०० मिली पाण्यात ई. कोलाय (विष्ठेतून येणारा जंतू) अजिबात सापडता कामा नये.

नळ कोणता, पाणी कधीचं

नमुना घेणारे येणार म्हणून सकाळीच टाकीत टीसीएलचा दुप्पट डोस टाकणं ही गावाचीच फसवणूक आहे. नमुना टाकीजवळच्या नळाचा नको. वाहिनीच्या शेवटच्या टोकाला, उताराच्या वस्तीतल्या नळाचा घ्या, कारण क्लोरीन तिथे पोचेपर्यंत संपलेला असतो.

नळाला बांधलेलं फडकं, रबरी नळी, जाळी काढा. तोंड गळत असेल तर तो नळ सोडा, कारण बाहेरून ओघळणारं पाणी बाटलीत जातं. धातूचा नळ स्पिरिटच्या बोळ्याने पेटवून तापवा, प्लास्टिकचा ७० टक्के अल्कोहोलने पुसा. पाणी दोन-तीन मिनिटं वाहू द्या, धार बारीक करा आणि मग भरा. झाकण हातातच, तोंड खाली करून धरा, ओट्यावर ठेवू नका. वर दोन-अडीच सेंटिमीटर जागा सोडा. काठोकाठ भरलेली बाटली प्रयोगशाळेत नीट हलवता येत नाही.

आमच्या मते दोन-तीन मिनिटांच्या या नियमाला एक जोड हवी. एक दिवसाआड पाणी सुटतं तिथे पुरवठा बंद असताना वाहिनी रिकामी होते आणि गळक्या सांध्यांतून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. पाणी सुटल्यावरची पहिली धार म्हणूनच सगळ्यात घाण असते. नियम पाळून ती सोडून दिली, तर गळती कागदावर दिसतच नाही. साथीच्या काळात त्या नळाचे दोन नमुने घ्या: एक पहिल्या धारेचा, एक नंतरचा. पहिला दूषित आणि दुसरा स्वच्छ आला, तर आधी त्या भागातली वाहिनी आणि सांधे तपासा.

नमुना बर्फाच्या डब्यात, ४ ते १० अंशांत, शक्यतो सहा तासांत पोचवा. २४ तासांपलीकडे नकोच. बर्फ पिशवीत बांधा, नाहीतर वितळलेलं पाणी झाकणातून आत शिरतं.

एचटूएसची बाटली

पाण्यात शौचातले जंतू आहेत का, हे हायड्रोजन सल्फाइड (एचटूएस) वायूमुळे येणाऱ्या काळ्या रंगावरून ओळखणारी ही चाचणी १९८२ साली ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी मांडली. खुणेपर्यंत पाणी भरायचं आणि काळं पडतं का ते पाहायचं. गफलत तापमानात होते. जंतू वाढायला ३० ते ३७ अंश लागतात. जानेवारीत नाशिककडे किंवा विदर्भात खोलीत रात्रभर ठेवलेली बाटली २४ तासांत पिवळीच राहिली, तरी पाणी चांगलं ठरत नाही. ती उबदार जागी ठेवा आणि पूर्ण ४८ तास थांबा. उलट, सडक्या अंड्याचा वास येणाऱ्या बोअरच्या पाण्याने बाटली तासाभरातच काळी झाली, तर तो पाण्यातलाच सल्फाइड असू शकतो. असा नमुना ई. कोलायच्या चाचणीला पाठवा. काळ्या बाटलीत जंतू कितीतरी पटींनी वाढलेले असतात. ब्लीचिंग पावडरचं दाट द्रावण घालून अर्धा तास ठेवल्याशिवाय ती ओतू नका.

प्रयोगशाळेतली एक चूक सांगायलाच हवी. एमपीएन चाचणीत (पाण्यातल्या जंतूंची अंदाजे संख्या काढणाऱ्या) १० मिली पाण्यासाठी मॅकॉन्की ब्रॉथ (जंतू वाढवणारं पोषक द्रावण) दुप्पट तीव्रतेचा लागतो. साध्या तीव्रतेचा घेतला, तर तो निम्मा पातळ होतो आणि त्यात जंतूंचा वायू नीट तयार होत नाही. ऑटोक्लेव्हनंतर डरहॅम नळीत (वायू पकडणाऱ्या उलट्या छोट्या नळीत) आधीच बुडबुडा राहिला असेल, तर ती नळी बाद करा.

माणसाचा नमुना

अँटिबायोटिकची पहिली गोळी पोटात जाण्याआधी शौचाचा नमुना घ्या. बाटलीतल्या क्लोरीनसारखंच इथे औषध जंतू मारत असतं. दोन तासांत प्रयोगशाळा गाठणं शक्य नसेल, तर कॅरी-ब्लेअर माध्यम (वाटेत जंतू जिवंत ठेवणारं) वापरा. ग्लिसरॉल सलाईन हे दुसरं माध्यम कॉलऱ्याच्या जंतूला चालत नाही. कॉलऱ्याचा संशय असेल तर नमुना फ्रिजमध्ये टाकू नका, थंडीने तो जंतू मरतो. जुलाबाच्याच कॅम्पिलोबॅक्टर या जंतूला मात्र ४ अंशांची थंडी मानवते. म्हणून फॉर्मवर कशाचा संशय आहे ते लिहा.

२०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे (गिलेन-बारे सिंड्रोम, हातपाय लुळे पाडणारा मज्जातंतूंचा आजार) रुग्ण वाढले, तेव्हा काहींच्या शौचात कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय आढळला. हा जंतू वाढवण्याच्या नेहमीच्या प्लेटवर, नेहमीच्या हवेत उगवत नाही. त्याला ४२ अंश आणि सुमारे ५ टक्केच ऑक्सिजन लागतो. शिवाय जीबीएसची लक्षणं जुलाबानंतर एक ते तीन आठवड्यांनी दिसतात. तोवर जंतू शौचातून नाहीसा झालेला असू शकतो, त्यामुळे उशिरा घेतलेल्या नमुन्यात काही न उगवणं हा पुरावा नव्हे.

जेवणावळीतलं अन्न

विषबाधेनंतर दुसऱ्या दिवशी त्याच आचाऱ्याने केलेली ताजी बासुंदी तपासून काही कळत नाही. उरलेल्यातलंच २०० ते २५० ग्रॅम, निर्जंतुक डब्यात, थंड ठेवून पाठवा. अन्न पुन्हा उकळलं असेल तर तसं कळवा. उकळल्याने स्टॅफिलोकोकस (विषबाधेचा एक जंतू) मरतो, पण त्याचं विष टिकतं. अशा वेळी विषाची चाचणी मागावी लागते.

डाळिंबावरचा तेल्या

तेल्या हा डाळिंबावरचा जंतूंमुळे होणारा डागांचा रोग. इथेही तीच चूक होते: स्ट्रेप्टोसायक्लिन हे अँटिबायोटिक फवारल्यावर दोन दिवसांत पानं तोडून पाठवतात आणि जंतू सापडला नाही म्हणून निश्चिंत होतात. फवारणीआधीची, ताजी, तेलकट कडांची डागाळलेली पानं घ्या. वाळून काळे पडलेले डाग नकोत, त्यांत कुजवणारे जंतू शिरलेले असतात. प्लास्टिक पिशवीत पानांना घाम येतो, म्हणून कोरड्या कागदाच्या पाकिटात घालून त्याच दिवशी पाठवा.

डागाची कड कापून काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. कापलेल्या कडेतून धुरासारखा लोट निघाला, तर तो जंतूंचा आहे. बुरशीच्या डागातून असा लोट निघत नाही. जंतू वेगळा काढायचा असेल तर तुकडा १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये अर्धा ते एक मिनिटच बुडवा आणि निर्जंतुक पाण्याने तीनदा धुवा. पाच मिनिटं बुडवून ठेवला, तर आतला जंतूही मरतो. प्लेट २८ अंशांवर ठेवा. २४ तासांत दिसणाऱ्या पिवळ्या वसाहती (जंतूंचे ठिपके) पाहून घाईने ‘तेल्या’ लिहू नका; पानावर एरवीही राहणारे निरुपद्रवी पिवळे जंतू आधी उगवतात. तेल्याचा झँथोमोनास सावकाश वाढतो, फिकट पिवळ्या, चिकट, चमकदार वसाहती दिसायला तीन-चार दिवस लागतात. तोवर प्लेट टाकून देऊ नका.