भिंतीवरची बुरशी पुसली, रंगवली, तरी परत आली? या चुका टाळा

कपाटात मागे टांगलेला चामड्याचा पट्टा काढायला हात घातला आणि बोटांना काहीतरी मऊ लागलं. पट्ट्यावर हिरवट-पांढरी लव उगवली होती. कपाट पुढे ओढलं तर मागची भिंत गुडघ्याच्या उंचीपर्यंत काळ्या ठिपक्यांनी भरलेली. मग मी तेच केलं जे बहुतेक जण करतात. ओल्या फडक्याने पुसलं, उरलेला रंगाचा डबा शोधून दोन हात मारले आणि कपाट पुन्हा भिंतीला टेकवून ठेवलं. सात आठवड्यांनी रंगाचा पोपडा तळव्याएवढा सुटून खाली पडला. त्याच्या मागच्या बाजूलाही बुरशी होती.

भिंतीच्या पलीकडे बाथरूम. तिथे मात्र टाइल्स चकचकीत, कुठे ओल दिसेल तर शपथ. या एका भिंतीने मला वर्षभर नाचवलं. पुढे लिहिलेल्या चुकांपैकी निम्म्या माझ्या स्वतःच्या आहेत.

डाग आहे तिथेच गळती शोधणं

पाणी सरळ येत नाही. पाईपच्या बाहेरच्या अंगावरून ते वाहत जातं, स्लॅबच्या उतारावरून सरकतं, विटा आणि प्लास्टर ते शोषून घेतात आणि टिपकागदासारखं वर-खाली, आजूबाजूला पसरवतात. छताच्या मधोमध दिसणारा डाग कधीकधी खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या सांध्यातून आलेला असतो. म्हणून डागाच्या जागी भिंत फोडून काही सापडलं नाही, अशा गोष्टी सर्रास ऐकायला मिळतात.

ओल कुठे आहे यापेक्षा ती कधी वाढते हे बघा. तेच जास्त बोलकं असतं.

दिवसरात्र, घरात कोणी असो वा नसो, ओल सारखीच वाढत असेल तर संशय दाबाखालच्या पाईपवर, म्हणजे नळाला पाणी आणणाऱ्या लाइनवर. त्यात पाणी कायम भरलेलं असतं, त्यामुळे गळतीला सुट्टी नसते. भिंतीचा तेवढाच भाग हाताला कोमट लागत असेल तर गरम पाण्याची लाइन. आंघोळीनंतर किंवा वॉशिंग मशीन चालल्यावर वाढत असेल तर सांडपाण्याचा पाईप, जाळीखालचा ट्रॅप (वास अडवायला पाणी धरून ठेवणारा वाकडा भाग) किंवा टाइल्सच्या फटी. पाऊस पडून गेल्यावर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी वाढत असेल तर बाहेरच्या भिंतीची चीर, खिडकीची चौकट किंवा गच्ची. एसी चालू असतानाच ओल येत असेल तर त्याच्या पाणी बाहेर सोडणाऱ्या नळीत कचरा अडकलाय का ते आधी बघा, बाकी सगळं नंतर.

हे पकडायला लागणारं साधन म्हणजे एक पेन्सिल. ओलीची कड भिंतीवर हलक्या हाताने आखायची आणि बाजूला तारीख लिहायची. दोन दिवसांनी पुन्हा बघायचं. डोळ्यांच्या अंदाजावर विसंबू नका, कारण डोळा रोज बघून सरावतो आणि ‘तेवढंच आहे’ असं सांगतो.

गळती नसतानाच प्लंबर बोलावणं

सगळी ओल पाईपची नसते. खोलीतली दमट हवा थंड भिंतीला लागली की तिथे दव धरतं आणि त्यावरही बुरशी छान वाढते, विशेषतः कोपऱ्यात आणि फर्निचरमागे, जिथे हवा खेळत नाही. फरक ओळखायला भिंतीचा तेवढा भाग कोरड्या कापडाने पुसून त्यावर अॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून हवाबंद चिकटवा. एक-दोन दिवसांनी फॉइलच्या खोलीकडच्या बाजूवर थेंब दिसले तर पाणी हवेतलं. भिंतीकडच्या बाजूवर दिसले तर पाणी भिंतीतलं. दोन्हीकडे दिसलं तर दोन्ही आहे, असंही होतं.

आणखी एक गोंधळ पांढऱ्या पावडरीचा. भिंतीवर जी भुरभुरीत पांढरी पूड येते ती बहुतेक वेळा बुरशी नसून क्षार असतात. लोणा लागलाय असं जुनी माणसं म्हणतात ते हेच. त्यावर पाण्याचा थेंब टाकला की पूड विरघळते, बुरशी विरघळत नाही. पण क्षार निघाले म्हणून हुश्श करू नका. भिंतीतून पाणी प्रवास करतंय, त्याशिवाय ते पृष्ठभागावर येत नाहीत.

तपास अर्धवट सोडून फोडाफोड सुरू करणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, त्यामुळे जरा सविस्तर.

पहिली चाचणी मीटरची. रात्री घरातले सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवा, सकाळी कोणी नळ उघडण्याआधी पुन्हा बघा. आकडा पुढे गेला असेल तर दाबाखालची लाइन किंवा फ्लशची टाकी गळतेय. मीटर नसेल तर साठवणीच्या टाकीची पातळी खुणेने मोजा, फक्त तेवढा वेळ टाकीत नवं पाणी येऊ देऊ नका. ‘थेंब-थेंब तर आहे’ असं म्हणण्याआधी हिशेब करा: सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब, आणि एका मिलिलिटरला साधारण २० थेंब धरले तर चार लिटरहून जास्त पाणी रोज भिंतीत.

फ्लशसाठी वेगळी युक्ती आहे. टाकीच्या पाण्यात थोडा रंग टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर आतला वॉशर गेलाय. तो भिंत ओली करत नाही, पण मीटरच्या चाचणीत दिशाभूल करतो, म्हणून आधी त्याचा निकाल लावा.

माझ्या घरी मीटरचा काटा रात्रभर हलला नाही. तरीही आलेल्या प्लंबरचं म्हणणं, बाथरूमची फरशी उखडून वॉटरप्रूफिंग पुन्हा करावं लागेल. मी हो म्हणणारच होते. मग म्हटलं, अजून एक आठवडा पेन्सिलीला देऊ. ते बाथरूम आठ दिवस कोणी वापरलं नाही. रेघ जागच्या जागी. मग जाळीचं तोंड बंद करून जमिनीवर दोन बोटं पाणी भरून २४ तास ठेवलं. फरशीतून गळत असतं तर इथे कळलं असतं. रेघ तरीही तिथेच. शेवटी शॉवर समोरच्या भिंतीवर रोखून अर्धा तास सोडला, आणि दुसऱ्या दिवशी ओल रेघेच्या पुढे बोटभर सरकलेली.

म्हणजे पाणी जमिनीतून जात नव्हतं, भिंतीतून जात होतं, तेही फक्त शॉवर चालू असताना. शॉवरच्या नळामागे टाइलला टेकलेली स्टीलची गोल चकती असते ना, ती फिरवून पुढे ओढली. मागे टाइलला पाडलेलं भोक पाईपपेक्षा चांगलं दोन बोटं मोठं, आणि आतली वीट काळीकुट्ट ओली. टाइलवरून ओघळणारं पाणी चकतीच्या वरच्या कडेतून थेट तिथे शिरत होतं. भोक वाळू दिलं, भरून घेतलं, चकतीच्या कडेला सिलिकॉन सीलंट लावला. फरशीला हात लागला नाही.

यात एक क्रम आहे: आधी दाबाखालची लाइन, मग जमीन, मग भिंत. एका वेळी एकच गोष्ट तपासायची, आणि दोन चाचण्यांच्या मध्ये भिंतीला एक-दोन दिवस द्यायचे. हातोडा उचलायचा तो यानंतर.

ओल स्विचबोर्डपर्यंत पोचली असेल तर मात्र कुठलीही चाचणी नको. त्या सर्किटचा एमसीबी, म्हणजे मुख्य बोर्डावरचा वीज तोडणारा खटका, खाली करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा.

ब्लीच हे रामबाण समजणं

टाइल, काच, कडक प्लास्टिक यांवर ब्लीचने बुरशी जाते, पण तिथे साबणाचं पाणी आणि घासणी यांनीही ती जाते. खरी अडचण प्लास्टर, लाकूड, जिप्सम अशा सच्छिद्र गोष्टींची. तिथे ब्लीचमधलं पाणी आत झिरपतं, क्लोरीनचं काम वरवरच संपतं. डाग पांढरा पडतो, आपण खूश होतो, आत मुळं शाबूत. शिवाय मेलेल्या बुरशीनेही अॅलर्जी होतेच, त्यामुळे ती मारण्यापेक्षा काढून टाकणं महत्त्वाचं.

आणि ब्लीच वापरायचंच असेल तर एकटं वापरा. त्यात अॅसिड, व्हिनेगर किंवा संडास साफ करायचं आम्लयुक्त द्रव मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो. अमोनिया असलेला क्लीनर मिसळला तर क्लोरामाइन, तोही विषारी वायूच. दोन्ही बंद बाथरूममध्ये जिवावर बेतू शकतात.

फुगलेलं, भुसभुशीत झालेलं प्लास्टर खरवडून काढा. भिजून बुरशी धरलेला जिप्सम बोर्ड, गादी, गालिचा यांना वाचवण्याचा हट्ट नको. माझा पट्टाही गेला.

कोरडं घासणं आणि पंखा लावणं

कोरड्या ब्रशने घासलं की बुरशीचे बीजाणू धुळीसारखे उडतात, वर पंखा चालू असेल तर घरभर पोचतात. आधी पाण्याचा हलका फवारा मारा, मग खरवडा. एन९५ मास्क, हातमोजे, डोळ्यांवर गॉगल. खोलीचं दार बंद, खिडकी उघडी. निघालेला सगळा चुरा पिशवीत घालून तिथेच तोंड बांधा. दमा असलेली व्यक्ती, लहान मुलं, प्रतिकारशक्ती कमी असलेलं कोणी घरात असेल तर त्यांना त्या वेळी दुसरीकडे पाठवा. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा अंदाज असा, की साधारण १० चौरस फुटांपर्यंतची बुरशी घरच्या घरी काढता येते. त्याहून मोठी असेल किंवा सांडपाण्यामुळे आलेली असेल तर जाणकारावर सोपवलेलं बरं.

काळी दिसली म्हणून घाबरून तपासणीच्या मागे लागायचीही गरज नाही. बुरशीच्या कितीतरी जाती काळ्या दिसतात, रंगावरून जात कळत नाही, आणि जात कळली तरी करायचं तेच: पाणी थांबवा, बुरशी काढा. मात्र पांढरी आहे म्हणून दुर्लक्षही नको. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात श्वसनाच्या तक्रारींशी जोडलेला संबंध सगळ्याच ओलसर, बुरशीच्या घरांबद्दल आहे, कुठल्या एका रंगाबद्दल नाही.

गळती थांबली की लगेच रंगारी बोलावणं

बुरशीला ओल्या पृष्ठभागावर जम बसवायला २४ ते ४८ तास पुरतात. भिंतीला वाळायला मात्र आठवडे लागतात, जाड भिंत असेल तर काही महिनेही. पृष्ठभाग हाताला कोरडा लागतो, आतली वीट ओलीच असते. त्यावर पुट्टी आणि रंग म्हणजे ओल आत कोंडणं. बुरशीरोधक रंगानेही यात फरक पडत नाही, तो स्वच्छ आणि कोरड्या भिंतीसाठीच असतो.

जुना रंग आणि पुट्टी खरवडून भिंत उघडी ठेवा. बुरशी काढून झालेली असली की आता पंखा चालेल, उलट हवाच. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली राहील असं बघा, डीह्युमिडिफायर (हवेतला दमटपणा ओढून घेणारं यंत्र) असेल तर उत्तम. भिंतीतली ओल मोजणारा मॉइश्चर मीटर मिळाला तर आकड्याकडे एकटं बघू नका, त्याच घरातल्या खात्रीच्या कोरड्या भिंतीशी ताडून बघा. नाहीतर पुन्हा फॉइल चिकटवा आणि भिंतीकडची बाजू कोरडी येईपर्यंत थांबा. मी नऊ आठवडे थांबले. घरातल्यांनी खूप कटकट केली.

शेवटचं काम पाईप उघडा पडला असेल तर करायचं, आणि ते हमखास राहून जातं. प्लास्टर बंद होण्याआधी पाईपच्या शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा: जमिनीपासून किती, कोपऱ्यापासून किती, सांधा कुठे. हा फोटो नंतर त्या भिंतीत खिळा ठोकतानाही लागतो.