निंबोळी अर्क मारायचाय? आधी साबण काढून ठेवा

पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, पाच टक्के निंबोळी अर्क मारायचा, तर साहित्य आदल्या दुपारीच एका जागी आणा, आणि त्यात पहिला साबण. गेल्या खेपेला सगळं होतं, साबण तेवढा राहिला. शंभर लिटर फवारा पानांवरून घरंगळून मातीत गेला.

निंबोळी पाच किलो, सावलीत वाळवलेली, आठ-दहा महिन्यांच्या आतली. प्लास्टिकच्या पोत्यात दमट राहून काळी पडलेली, बुरशी धरलेली असेल तर उकिरड्यावर टाका. कुटताना हात हलका ठेवा. उखळात तेल सुटायला लागलं म्हणजे जास्त झालं. चुरा फडक्यात सैल बांधून 9 लिटर पाण्यात रात्रभर. बादली, काठी, हातमोजे, तोंडाला रुमाल, हे सांगायला नको.

आता साबण. 200 ग्रॅम कपड्याचा साधा साबण किसून, वेगळ्या गंजात (पातेल्यात), एक लिटर पाण्यात, तोही रात्रीच. सकाळी घाईत किसला की गुठळ्या राहतात आणि नोझल चोंदतं. खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे जमिनीत खारं पाणी असलेल्या भागातल्या, बोअरच्या पाण्यात साबण फाटतो, फेस येत नाही, वर पांढरी साय धरते. तिकडच्यांनी गोड्या पाण्याचा ड्रम आधीच भरून ठेवावा. एवढा आग्रह कशाला, असं वाटत असेल तर पऱ्हाटीच्या पानावर नुसत्या अर्काचा थेंब टाकून पाहा. मोत्यासारखा गोल राहतो, पान हललं की खाली. साबणाचा थेंब पसरून चिकटतो. मावा, तुडतुडे बसतात पानाच्या खालच्या अंगाला; तिथं साबणाशिवाय काही टिकत नाही.

सकाळी पुरचुंडी त्याच पाण्यात दाबून दाबून पिळा, पाणी दुहेरी फडक्यातून गाळा, मग साबणाचं पाणी घाला (विसरू नका म्हटलं ना), आणि एकूण अर्क 10 लिटर करा. पंधरा लिटरच्या पंपाला दीड लिटर अर्क, बाकी पाणी.

फवारणी ऊन उतरल्यावर, उन्हानं अर्काचा जोर जातो. केलेला अर्क त्याच दिवशी संपवा. कीड लगेच पटापट मरणार नाही. तिचं खाणं थांबतं, कात अडते, तीन-चार दिवस दम धरा. रासायनिक औषध मिसळू नका, मावा खाणारे ढालकिडे मरून जातील. आभाळ पाहून निघा. साबणाचा गंज घेतला का? पंप धुऊन ठेवा.