एआय एजंटसाठी सॉफ्टवेअर टूलची माहिती कशी लिहावी

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातील गुळाच्या अडत दुकानात नवा मुनीम कामाला लागला, की पहिले काही आठवडे तो शेजारच्या जुन्या माणसाला विचारत विचारत शिकतो. आज आलेला रवा, म्हणजे गुळाची ढेप, किती किलोचा, पावती कोणाच्या नावे फाडायची, सौदा मोडायचा असेल तर कोणाची परवानगी लागते, हे कोठेही लिहिलेले नसले तरी त्याचे अडत नाही. एआय एजंटला, म्हणजे सोपवलेले काम सॉफ्टवेअर वापरून स्वतः पार पाडणाऱ्या एआय प्रोग्रामला, असे विचारायला शेजारी कोणी नसते. टूल, म्हणजे सॉफ्टवेअरमधले एखादे काम त्याला करू देणारी सोय, कधी वापरायचे, त्यात काय भरायचे आणि आलेल्या उत्तराचा अर्थ कसा लावायचा, हे तो मुख्यतः टूलसोबत दिलेल्या मजकुरावरून ठरवतो. अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुल्या केलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे एआयला सॉफ्टवेअर जोडण्याच्या ‘एमसीपी’ या प्रमाण पद्धतीत, प्रत्येक टूलला नाव, वर्णन आणि इनपुटचा साचा देण्याची सोय आहे. मॉडेलपुढे, म्हणजे एजंटमागच्या एआयपुढे, मुख्यतः एवढेच जाते. आतला कोड त्याला दिसत नाही. म्हणून हा मजकूर कोडइतक्याच काळजीने लिहावा.

सुरुवात मात्र लिहिण्यापासून न करता निवडीपासून करावी. सॉफ्टवेअरमध्ये चाळीस एपीआय, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामने हाक मारण्याची दारे, आहेत म्हणून चाळीस टूल देऊ नयेत. प्रत्येक टूलचे वर्णन मॉडेलच्या वाचनमर्यादेत जागा घेते, आणि एकसारखी दिसणारी दोन टूल असली की चुकीचे टूल उचलले जाण्याची शक्यता वाढते. दुकानातील माणसे रोज जी कामे करतात, त्यांची यादी करून त्या कामांप्रमाणे टूल बांधावीत. नाव क्रिया सांगणारे असावे: नुसते ‘साठा’ न ठेवता ‘गूळ साठा पाहा’ या अर्थाचे. नाव बहुधा रोमन अक्षरांत द्यावे लागते, पण वर्णन मराठीत लिहायला हरकत नाही.

खरा वेळ द्यावा तो वर्णनाला. ‘साठ्याची माहिती देते’ एवढे वर्णन मी स्वतः एका टूलला लिहिले होते आणि ते पुरेसे वाटले होते. नंतर ते असे झाले: ‘दिलेल्या तारखेला गोदामात असलेला गूळ प्रतवारीनुसार किलोमध्ये सांगते. किती माल आहे, अशा प्रश्नांसाठी वापरावे. सौद्याचा दर यातून मिळत नाही. त्यासाठी दर पाहण्याचे टूल वापरावे. सौदा झालेला पण उचल न झालेला माल या आकड्यात धरलेला असतो. तो वजा करण्यासाठी बाकी उचल पाहण्याचे टूल वापरावे.’ यातली शेवटची दोन वाक्ये सर्वांत मोलाची आहेत. सॉफ्टवेअर वर्षानुवर्षे तसेच मोजत होते, गादीवरच्या प्रत्येकाला ते ठाऊक होते, आणि म्हणूनच ते लिहून ठेवण्याची गरज कोणाला वाटली नव्हती. अशी वाक्ये शोधण्याचा खात्रीचा मार्ग एकच: टूल रोज वापरणाऱ्या माणसाजवळ अर्धा तास बसावे आणि नवा माणूस कोठे चुकतो, ते विचारावे.

त्यानंतर पॅरामीटर, म्हणजे टूलमध्ये भरायची मूल्ये, घ्यावेत. प्रत्येकाचा प्रकार, एकक, स्वरूप आणि एक उदाहरण द्यावे. तो ऐच्छिक असेल तर न भरल्यास काय धरले जाते, तेही लिहावे. रवा ३० किलोचाही असतो आणि १० किलोचाही, शिवाय संदर्भाविना हा शब्द शिऱ्याच्या रव्याचा म्हणूनही वाचला जाऊ शकतो. त्यामुळे ‘संख्या’ असा पॅरामीटर न ठेवता ‘वजन किलोमध्ये’ असा ठेवावा. दर रुपयांत आणि प्रति क्विंटल, म्हणजे १०० किलोला, हे स्पष्ट असावे. ०३/०४/२०२५ ही तारीख ३ एप्रिल की ४ मार्च, असा प्रश्न उरू नये म्हणून आयएसओ ८६०१ या तारखा लिहिण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे २०२५-०४-०३ असेच स्वरूप मागावे. प्रतवारीसारखी मोजकीच मूल्ये चालत असतील, तर ती साच्यातच नोंदवून ठेवावीत.

उत्तराबद्दल एक गोष्ट हमखास राहून जाते. रिकामी यादी आली तर माल संपला आहे की व्यापाऱ्याचा कोड चुकला आहे, हे एजंटला कळले पाहिजे. या दोन स्थितींसाठी दोन वेगळी उत्तरे द्यावीत.

त्रुटीसंदेशही याच लेखनाचा भाग आहे. ‘त्रुटी ४००’, म्हणजे विनंती चुकीची, एवढ्यावरून एजंट चूक सुधारू शकत नाही. ‘तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने हवी, मिळालेले मूल्य ०३/०४/२०२५’ असे सांगितले, तर पुढच्याच प्रयत्नात तो बरोबर मूल्य पाठवू शकतो. विनंत्या फार झाल्यामुळे ४२९ हा त्रुटी क्रमांक आला असेल, तर किती सेकंद थांबायचे तेही त्यात लिहावे.

माहिती पाहणारे टूल आणि सौदा नोंदवणारे टूल यांतला फरक ठळक हवा. नोंद झाली, पण नेटवर्क तुटल्यामुळे उत्तर पोहोचले नाही, तर एजंट तीच विनंती पुन्हा करील आणि एकाच मालाचे दोन सौदे होतील. म्हणून प्रत्येक विनंतीसोबत एक स्वतंत्र क्रमांक घ्यावा, तोच क्रमांक पुन्हा आल्यास नवी नोंद न करता पहिलेच उत्तर परत द्यावे, आणि हा नियम वर्णनात लिहावा. टूल केवळ वाचणारे आहे की नोंदी पुसू शकते, हे कळवणाऱ्या खुणा एमसीपीमध्ये आहेत. पण त्या केवळ सूचना आहेत. सौदा रद्द करण्यासारख्या कामाला सॉफ्टवेअरमध्येच अधिकारांची मर्यादा आणि माणसाची संमती असलीच पाहिजे, याबाबत मी कोणतीही तडजोड मान्य करत नाही.

शेवटी चाचणी घ्यावी. ज्याला आधीचे काहीच सांगितलेले नाही अशा एजंटला दुकानातले दहा-बारा खरे प्रश्न द्यावेत आणि उत्तराबरोबरच त्याने कोणते टूल कोणत्या मूल्यांसह वापरले, तेही ओळीने वाचावे. ‘पाडव्याच्या मुहूर्ताला आणखी किती माल विकता येईल?’ या माझ्या प्रश्नाला एजंटने आधी गोदामातला सगळा आकडा सांगितला होता. त्यात विकलेला मालही होता. उचलीची ती वाक्ये वर्णनात घातल्यावर त्याने आपणहून बाकी उचल पाहण्याचे टूल वापरले आणि तेवढा माल वजा केला. तो प्रश्न आता चाचणीच्या यादीत पहिला आहे, आणि वर्णनातला एखादा शब्द बदलला तरी आधी तोच पुन्हा विचारला जातो.