दोन ऑफर लेटर हातात आहेत?

सीटीसीचा (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) आकडा सोडा, आधी पगाराचा तक्ता उघडा. कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटी (ती मिळायला साधारण ५ वर्षं टिकावं लागतं!), व्हेरिएबल (कामगिरीवर ठरणारा पगार), जॉइनिंग बोनस वजा करा आणि उरलेल्याला १२ ने भागा. माझी साडेसहा लाखांची ऑफर साडेपाचच्या ऑफरपेक्षा महिन्याला जेमतेम दीड हजारानं जास्त निघाली, वर दोन वर्षांचा बॉण्ड, म्हणजे तोवर नोकरी न सोडण्याची अट.

मग दोन्ही ऑफिसांपर्यंतचा लोकलचा प्रवास. डोंबिवलीहून ऐरोलीला ठाण्याला एकदाच गाडी बदलायची. अंधेरीच्या सीप्झला मात्र घाटकोपरला मेट्रो, मरोळ नाक्याला पुन्हा मेट्रो. सकाळी आठच्या गर्दीत एकदा जाऊनच बघा, रविवारी नको. शिफ्ट कोणती, बॉण्ड किती, हे एचआरला मेलवरच विचारा. फोनवरचं ‘बघू, ॲडजस्ट करू’ धरू नका.